पर्सिमॉनची गावरान बहीण: टेंभुर्णी
पर्सिमॉन हे टोमॅटोसारखं दिसणारं केशरी, गोड फळ परदेशी खरं, पण त्याची सख्खी बहीण आपल्या रानात आहेच की! टेंभुर्णी, म्हणजेच तेंदू. शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. वंश तोच. उन्हाळ्यात पिवळी टेंभरं पिकतात. गर गोड, पण बियाच जास्त. कच्चं खाल्लंत तर टॅनिन या तुरट द्रव्यामुळे तोंडाला अशी मिठी बसते की विचारू नका. खोडाचा गाभा काळा, आबनूसच्या (काळ्या, टणक लाकडाच्या झाडाच्या) जातकुळीतला.

मात्र झाड ओळखलं जातं ते पानांमुळे. विडी वळायची ती याच पानाची. गोंदिया, गडचिरोलीकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, म्हणजे कोवळी, मोठी पानं फुटतात. मग एप्रिल-मेमध्ये तोडणी, पुडे बांधून वाळवणं, आणि 1000 पुड्यांची एक गोणी. याच नावाचं सोलापूर जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव तर ठाऊक असेलच.