ब्लॉग परत सुरू करायचाय, चौथ्यांदा. तुम्ही कसा टिकवता?

नौपाडा_ते_ऐरोली
नमस्कार मंडळी, मी ठाण्यात राहते, नोकरी ऐरोलीला. आतापर्यंत तीनदा ब्लॉग सुरू करून बंद पडलाय. पहिला 2009 ला ब्लॉगस्पॉटवर, अकरा पोस्ट झाल्या. दुसरा 2014 ला वर्डप्रेसवर. तिसरा लॉकडाऊनमध्ये, तेव्हा तर स्वतःचं डोमेन (वेबपत्ता) घेतलं होतं, पंधरा दिवस नुसती थीम आणि फॉन्ट बदलण्यात गेले आणि पुढच्या वर्षी रिन्यू करायचं राहिलं, गेलं ते.

पहिला आणि तिसरा कंटाळ्यामुळे बंद पडला हे मला मान्य आहे. पण दुसरा तसा नाही. बाबा वागळे इस्टेटमध्ये कामाला होते, कंपनी बंद झाली तेव्हाचे दिवस, आईने घरी पोळीभाजीचे डबे सुरू केले ते सगळं मी लिहिलं होतं. लोकांना आवडलं पण. मग कुणीतरी ती लिंक नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकली आणि काकांचा फोन आला की घरातली गरिबी चव्हाट्यावर का मांडतेस. मी पोस्ट काढली, आणि त्यानंतर काहीही लिहायला बसले की काका वाचतायत असंच वाटायचं, दोन ओळींच्या पुढे गाडी जायचीच नाही.

आता बाबा नाहीत. त्या काळातलं सांगणारी फक्त आई उरली आहे आणि तिचंही वय झालंय, म्हणून परत लिहायचंय. नवीन ब्लॉग काढू की जुनाच उघडू? आणि आठवड्याला एक पोस्ट असं ठरवावं का?

कोपरी_पूर्व
ताई जुनाच उघडा. नवीन काढलात की परत थीम, परत नाव, परत "नमस्कार, आजपासून लिहितेय" आणि त्यातच हौस फिटते, माझं दोनदा झालंय हे.

आधी 2009 वाल्या जीमेलमध्ये लॉगिन होतंय का ते आजच बघा. दोन वर्षं न वापरलेली खाती गुगल डिलीट करू शकतं, डिसेंबर 2023 पासून तो नियम लागू आहे. लॉगिन झालं की ब्लॉगरच्या (म्हणजे ब्लॉगस्पॉटच्याच) सेटिंग्जमध्ये बॅकअपचा पर्याय आहे, तिथून सगळ्या पोस्ट उतरवता येतात. फोटो त्यात आलेत का ते बघा, नसतील तर वेगळे उतरवून ठेवा. डोमेनवाल्या ब्लॉगचा जुना पत्ता वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणारी साइट) टाकून बघा, काही पानं साठवलेली असली तर मिळतील. मिळतीलच असं नाही, पण माझ्या आठ पोस्ट तिथे सापडल्या होत्या आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

खाडीकाठ
आठवड्याला एक वगैरे ठरवू नका. एक हुकली की दुसरी लिहायला लाज वाटते, मग तिसरी "खूप दिवसांनी लिहितोय, माफ करा" अशी, आणि तिथेच संपतं.

मी ऐरोलीला राहतो, खाडीवरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. तारीख, भरती की ओहोटी, कुठे उभा होतो, काय दिसलं, बास. कधी तीन ओळी, कधी तीन महिने काहीच नाही कारण पावसाळ्यात बहुतेक फ्लेमिंगो निघून गेलेले असतात. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळाला तेव्हा मुलीने विचारलं की याचा अर्थ काय, तर मी तिला माझ्याच नोंदी वाचून दाखवल्या. ओहोटीला चिखलावर चरणारे थवे भरती आली की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीकडे जातात हे तिला त्यातूनच कळलं. कुणी वाचावं म्हणून नव्हत्या लिहिलेल्या. तुमच्या डब्यांचं पण असंच लिहा ना, एका वेळी एकच गोष्ट. किती डबे, कोण न्यायचं, पैसे महिन्याला मिळायचे की रोजच्या रोज.

तलावपाळी_संध्याकाळ
खाडीकाठ यांचं पटलं पण पूर्ण नाही. ताईंची अडचण वेळापत्रकाची नाहीच आहे, काकांच्या फोनची आहे, त्यावर कुणी बोललंच नाही.

मी आजोळच्या वाड्याबद्दल लिहिते. माझी पद्धत सांगते. ब्लॉगरमध्ये वाचकांची परवानगी म्हणून सेटिंग आहे, तिथे ज्यांचे ईमेल टाकाल तेवढ्यांनाच ब्लॉग दिसतो. पहिलं वर्षभर माझा फक्त मला आणि बहिणीला दिसत होता. कुणी बघत नाहीये म्हटल्यावर हात मोकळा झाला. मग ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना ती पोस्ट मी समोर बसून वाचून दाखवली, लिंक पाठवली नाही. मामांनी एक नाव बदलायला लावलं आणि उलट चार गोष्टी जास्तीच्या सांगितल्या ज्या मला माहीतच नव्हत्या. तुमच्या काकांना राग लिहिल्याचा आला होता की त्यांना दुसऱ्यांकडून कळलं याचा, हे एकदा विचारून बघा असं मला मनापासून वाटतं. ते पण त्याच घरात वाढलेत, भावाबद्दल त्यांच्याकडे तुमच्याहून जास्त असेल.

आणि आईंचं मात्र थांबवू नका. टाइप करत बसू नका, फोनवर रेकॉर्ड करा, लिहिणं नंतर होईल.

नौपाडा_ते_ऐरोली
सगळ्यांचे खूप आभार. लॉगिन झालं! अकराच्या अकरा पोस्ट आहेत. बॅकअप घेतला आणि ब्लॉग सध्या फक्त मला दिसेल असा करून ठेवला.

तलावपाळी ताई, काकांचं तुम्ही म्हणालात ते वाचून बराच वेळ नुसती बसून होते. हा विचार मी इतक्या वर्षांत केलाच नव्हता. रविवारी कळव्याला जाऊन येते त्यांच्याकडे.

आईला रात्री जेवताना डब्यांचं विचारलं. सतरा होते म्हणाली. मला आयुष्यभर वाटत होतं दहा-बारा असतील. आणि सकाळच्या पोळ्या बाबा लाटायचे, कंपनी बंद झाल्यावर दोन वर्षं, हे मला आज कळलं. तेवढंच लिहिलंय, पाच ओळी.