आयबीच्या ओरलमध्ये दुसऱ्या उताऱ्याला वेळच उरत नाही

डावा_समास: आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), इंग्लिश ए लिटरेचर. ओरलमध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन उताऱ्यांवर 10 मिनिटं बोलायचंय. एक उतारा इंग्रजी कादंबरीतला, दुसरा मराठी नाटकाच्या इंग्रजी अनुवादातला. दोन्हींना जोडणारा ग्लोबल इश्यू, म्हणजे व्यापक प्रश्न, ‘स्त्रियांवरचा अन्याय’. पहिल्याच उताऱ्यात 7 मिनिटं जातात. काय कापू?

पूर्णविराम: आधी इश्यू कापा. तो इतका ऐसपैस आहे की प्रत्येक ओळ त्यात बसते, मग सोडवत काहीच नाही. ‘घरात बाईचं बोलणं मध्येच कसं तोडलं जातं’ एवढाच ठेवा, उताऱ्याच्या 40 ओळींतल्या निम्म्या आपोआप गळतील. 10 मिनिटांत सुरुवातीला 1, दोन्ही उताऱ्यांना 4-4, शेवटी 1. प्रत्येक 4 मधलं निदान सव्वा मिनिट त्याच कलाकृतीच्या उताऱ्याबाहेरच्या भागाला द्या. तेवढंच नेमकं राहून जातं आणि पहिल्या निकषात (ज्ञान, आकलन, अर्थ लावणं) मार्क जातात. संथ बोललात तर बाराशेच्या आसपास शब्द मावतात, अठराशे लिहून आणलेत तर धाप लागेल.

काना_मात्रा: अनुवादाचं एक सांगते. समजा नाटकात आहे: ती ताट पुढे सरकवते. थांबते. “जेवून घ्या.” मराठीतला ‘घ्या’मधला आदरार्थ इंग्रजी क्रियापदात उरत नाही. परीक्षकासमोर इंग्रजी उतारा आहे, त्यामुळे मूळ मराठीवर भाष्य रचू नका. इंग्रजीत दिसतं ते धरा: आधी कृती, मग थांबणं, मग दोन-तीन शब्दांचं वाक्य. ती थांबते तेव्हा नवरा काही बोलत नाही, म्हणजे ती जागा नाटककाराने मुद्दाम रिकामी ठेवली. ‘इथे पॉज आहे’ म्हणून पुढे जाणं ही नुसती नोंद झाली. अनुप्रास, यमक यांचं श्रेयही सरसकट मूळ लेखकाला देऊ नका, ते अनुवादकाचे असू शकतात.

डावा_समास: ओरलला सोबत न्यायच्या आऊटलाइनमध्ये (मुद्द्यांच्या टिपणात) अवतरणं लिहू का?

पूर्णविराम: कशाला? उतारे समोर असतातच, फक्त कोरे, खुणा न केलेले. म्हणून ओळींना क्रमांक घाला आणि आऊटलाइनमध्ये ‘ओळ 12, ताट’ एवढंच. मुद्दे जास्तीत जास्त 10. पूर्ण वाक्यं लिहिलीत की मान खाली जाते आणि वाचन सुरू होतं.

काना_मात्रा: कापलेले मुद्दे फेकू नका हं. नंतर शिक्षकांचे 5 मिनिटं प्रश्न असतात, तिथे कामी येतात.