डेलियाचा एक कंद फुटेना, ठेवू की टाकू?

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात राहते. दसऱ्याला डेलियाचे सहा कंद आणले, अगदी रताळ्यासारखे. दोन अंगणातल्या काळ्या मातीत लावले, ते गेले. उकरलं तर बोटांना चिकट लगदा, वास तर विचारूच नका! चूक माझीच, कोंब यायच्या आधीच रोज पाणी घालत होते.

कुंडीतले तीन वीतभर वाढलेत. चौथा टणक आहे, पण देठाकडे डोळाच दिसत नाही. डोळ्याशिवाय कंद फुटत नाही ना? आणि वाढलेल्या तिघांचा शेंडा आत्ताच खुडू, की पानांच्या चार जोड्या येऊ देऊ?

आणि उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की कंद कशात ठेवता? सासूबाई म्हणतात, ज्वारीच्या कोठीत ठेव.