बहिणीच्या ग्लासात काल रात्री काहीतरी घातलं असावं. आत्ता लगेच काय करायचं?

निशिगंधा_सातारा (रविवार, सकाळी ११.०५)

मी साताऱ्याला असते, धाकटी बहीण पुण्यात पीजीत राहते. वय २२. काल ऑफिसातल्या मुलीचा वाढदिवस म्हणून सहा-सात जण बाणेरच्या एका पबमध्ये गेले होते. तिने एक पाइंट बिअर दीड तास पुरवून प्यायली. मग कुणाच्या तरी ओळखीच्या मुलाने सगळ्यांसाठी व्होडकाचे ग्लास आणले, त्यातला तिने अर्धाच घेतला. जरा खारट लागला असं आता म्हणते, पण तेव्हाच लागला की आज आठवून तसं वाटतंय, हे तिलाही सांगता येत नाही. साडेदहानंतरचं सगळं पुसलं गेलंय. वॉशरूमच्या पांढऱ्या टाइल्स आणि कुणीतरी वाकून तिच्या सँडलचा पट्टा लावतंय, एवढंच आठवतं. रूममेटने एक वाजता रिक्षाने घरी आणलं. ती म्हणते, मधे अर्धा तास ही आमच्यासमोर नव्हती.

सकाळी नऊला उठली. डोकं जड, दोन उलट्या. रूममेटचं म्हणणं, जास्त झाली असेल, ताक पी आणि झोप. बहीण म्हणते कुणाला सांगू नकोस, मला अजून २५ पूर्ण नाहीत, व्होडका प्यायली म्हणून पोलीस मलाच धरतील. मी एसटीत बसून लिहितेय. पोचायला दोन-अडीच तास लागतील. तोवर तिला काय सांगू?

कॅज्युअल्टीतली_सिस्टर (११.१८)

निशिगंधा, मी बावीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आहे. आधी तिला फोन लाव, बाकीचं मग वाच. लघवीला लागली तर वाया घालवू नकोस म्हणावं. मेडिकलमध्ये झाकणाची डबी दहा-पंधरा रुपयांना मिळते, रूममेटला पळव. सकाळी एकदा जाऊन आली असली तरी पुढची ठेवायची. झाकण घट्ट, वर चिकटपट्टी, त्यावर नाव आणि वेळ, आणि डबी फ्रिजमध्ये. घरी धरलेल्या नमुन्यावर कोर्टात शंका घेतात, म्हणून खरा नमुना दवाखान्यातच द्यायचा. पण तिथे जाईपर्यंत जे जाईल ते गेलंच.

एवढी घाई का, तर जीएचबी नावाचं गुंगीचं औषध रक्तात सहा-आठ तास आणि लघवीत साधारण बारा तासच सापडतं. खारट म्हणालीस म्हणून मला तेच आधी सुचलं. तिने ग्लास घेतला असेल दहाच्या सुमारास, म्हणजे बारा तास होऊनही गेलेत, आता मिनिटही दवडू नका. झोपेच्या गोळ्यांचा अंश जास्त दिवस राहतो, तेव्हा उशीर झाला म्हणून सोडूनही द्यायचं नाही.

दुसरं, आंघोळ नको. कपडे बदलू नयेत. बदलले असतील तर धुवायला टाकू नयेत, आतल्यासकट प्रत्येक कपडा वेगळ्या खाकी कागदी पिशवीत ठेवावा, प्लास्टिकमध्ये दमट होऊन खराब होतात. तो अर्धा तास काय झालं हे तिला माहीत नाही, म्हणून सांगतेय. मागे आमच्याकडे एका मुलीला तिची आई घेऊन आली. येण्याआधी माउलीने लेकीला न्हाऊ घातलं होतं, केस विंचरून घट्ट वेणी घातली होती, कपडे साबणात भिजवले होते. मायेनंच केलं सगळं. डॉक्टरीणबाई तपासायला बसल्या तेव्हा हाताला काही लागलं नाही, आणि आईला ते कळलं तेव्हा ती बाकावरून उठेना.

पोरीला एकटं ठेवू नका, आतून कडी लावून झोपू देऊ नका. शुद्धीवर आहे म्हणजे मोठा धोका बराच टळलाय. पण हाक मारून जागी होईना, श्वास संथ झाला, ओठ निळसर दिसले, तर तुझी वाट न बघता १०८. मुद्दाम उलटी काढायची नाही. पाणी घोट घोट.

रूममेट म्हणते तसंही असू शकतं. रिकाम्या पोटी दारू, सोबत सर्दीची गोळी, साखर कमी झालेली, यानेही माणूस असाच कोसळतो. ते डॉक्टर तपासतील. आपण खात्रीची वाट बघत घरी बसायचं नाही, शंका एवढं कारण पुरेसं आहे. आणि तिथे ती काय आणि किती प्यायली ते खरं सांगू दे. आम्ही तिथे पोरींना बोल लावायला बसलेलो नाही.

भुसावळकर (११.४१)

सिस्टरनी श्वासाचं लिहिलं म्हणून सांगतो. माझ्या वडिलांना गाडीत असंच झालं होतं. २०१४ साली ते नागपूरहून येत होते. समोरच्या सीटवरच्या गोड बोलणाऱ्या जोडप्याने चहा दिला. भुसावळला मी डब्यात चढलो तेव्हा ते खालच्या बर्थवर उताणे पडून घोरत होते. आजूबाजूचे म्हणाले, काका टाकून आलेत वाटतं. माझ्या वडिलांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. ते घोरणंही नव्हतं, घशात उलटी अडकून घरघर चालली होती. एका हमालाने त्यांना कुशीवर वळवलं, वरचा पाय गुडघ्यात दुमडला, बोटाने तोंड साफ केलं. डॉक्टर नंतर म्हणाले, त्याच माणसाने वाचवलं. अंगठी आणि बॅग गेली, त्याचं काही नाही. ताई, बहीण आडवी होणार असेल तर कुशीवरच झोपवायला सांगा.

काळा_कोट_नाशिक (१२.०४)

पोलीस मलाच धरतील, या भीतीने रविवार वाया घालवू नका. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्होडकाला २५ ही वयाची अट आहे, हे खरं. पण गुन्हा करण्याच्या हेतूने कुणाला गुंगीचं औषध देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. जुन्या आयपीसीत हेच ३२८ होतं. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एफआयआर घ्यावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली हे स्पष्ट केलंय. हद्द आमची नाही असं म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर, मागा. तरीही घेतला नाही तर वरिष्ठांकडे लेखी पाठवा.

आजच अजून एक करा. पबच्या मॅनेजरला कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवा म्हणून मेसेज किंवा मेल करा, तोंडी नको. फुटेजवर थोड्याच दिवसांत नवं रेकॉर्डिंग चढतं. बिल कुणी भरलं, त्याच्या फोनवरचा पैसे गेल्याचा मेसेज आणि रिक्षाची वेळ यांचे स्क्रीनशॉट काढा. काल सोबत गेलेल्यांच्या ग्रुपवर अजून काही लिहू नका. आणि बहिणीला जे आठवतं ते तिच्याच शब्दांत, आजच, कागदावर उतरवू द्या. तुम्ही गाळलेल्या जागा भरू नका.

निशिगंधा_सातारा (दुपारी १.३२)

पोचले. डबी भरून ठेवली होती. जवळच्या खाजगी दवाखान्यात गेलो तर काउंटरवरच म्हणाले, ही पोलीस केस आहे, सरकारीत जा. बहीण रडायला लागलीय, घरी चल म्हणते.

कॅज्युअल्टीतली_सिस्टर (१.३६)

घरी नाही. भांडत बसण्यातही वेळ घालवू नकोस, रिक्षा कर आणि मोठ्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद) करा आणि विषबाधेच्या तपासणीसाठी रक्त, लघवी घ्या, असं स्पष्ट शब्दांत सांग. तक्रार द्यायची की नाही हे ती नंतर ठरवेल, त्यावर उपचार अडत नाहीत. बाई डॉक्टर मागून घे. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही टाळायचं औषध, दोन्ही स्वतःहून विचार. ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी चांगली.

निशिगंधा_सातारा (सोमवार, रात्री ९.५०)

काल रात्री साडेआठपर्यंत तिथेच होतो. कॅज्युअल्टीतल्या पट्टीच्या तपासणीत काही आलं नाही. बहिणीचा चेहरा पडला, पण डॉक्टर म्हणाल्या, ही पट्टी सगळी औषधं पकडत नाही, जीएचबी तर नाहीच, त्यामुळे यावरून काही झालं नाही असं ठरत नाही. बाटल्यांना तिच्यासमोर लाखेचं सील लावलं, तिने सही केली, त्या आता न्यायसहायक प्रयोगशाळेत जातील. अहवालाला वेळ लागेल म्हणाले. आज तक्रार दिली. वयाचं कुणी एका शब्दाने विचारलं नाही. फुटेज आहे, पोलीस घेऊन गेले. आईला तिने स्वतः फोन करून सांगितलं.

सिस्टर, एचआयव्हीच्या गोळ्या २८ दिवस घ्यायच्यात. सकाळी घेतली की तिला मळमळतं. रात्री जेवणानंतर दिली तर चालेल का?

कॅज्युअल्टीतली_सिस्टर (१०.०२)

चालेल. पण जी वेळ धराल तीच रोज ठेवा, मोबाईलला गजर लाव. आजची सकाळची झालीय ना? मग उद्या एकदम रात्रीवर ढकलू नका, मधे जास्त खंड पडेल. उद्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) फोन करून वेळ कशी बदलायची ते विचारून घे. पंधराव्या दिवशी गोळ्या बऱ्याच जणी सोडतात, तेव्हा मी तुला इथे आठवण करीन.