‘मालकाने दिले की तुम्हाला देतो’ ही अट आम्ही कधी मान्य केली होती?

पॉइंटवाला, शिवाजी उद्यमनगर

काल येथे एका मुख्य ठेकेदारांनी लिहिले की, इलेक्ट्रिकचे सब-ठेकेदार ॲडव्हान्स घेतात, स्लॅबमध्ये पाइप टाकून दुसऱ्या साइटवर पळतात आणि ज्याचे बांधकाम त्या मालकाकडून पैसे आलेले नसतानाही बिलासाठी ऑफिसात ठाण मांडतात; ज्याच्यात थांबण्याची ताकद नाही त्याने या धंद्यात पडू नये. हे शेवटचे वाक्य कोल्हापुरात शाहूपुरीपासून उजळाईवाडीपर्यंत साइटसाइटवर ऐकून कान किटले आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

थांबायचे ते कोणाच्या पैशावर, एवढाच माझा प्रश्न आहे. वायर, कंड्युट (वायरचे पाइप), एमसीबी, मॉड्युलर प्लेटा हा सगळा माल मी दुकानदाराकडून महिन्याच्या उधारीवर उचलतो आणि तांबे चढले की तो पुढच्याच बंडलाला नवा दर लावतो. माझा पॉइंटचा, म्हणजे दिवा-पंखा-प्लगच्या दर जोडणीचा, दर मात्र पाया खणताना ठरलेला असतो. हाताखालच्या मुलांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो. बिल फाडले की त्यावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत मी भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. त्याच बिलावर इनपुट क्रेडिट (त्या जीएसटीची वजावट) घ्यायला मात्र ठेकेदारांना मालकाच्या पैशांची वाट पाहावी लागत नाही. १८० दिवसांत मला पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह उलटवावे लागते, म्हणून नेमका त्या सुमारास ‘या, चेक घेऊन जा’ असा फोन येतो. म्हणजे पैसे नसतात असे नाही.

उशीर एक वेळ सोसता येतो, शेवटच्या बिलातील कपात सोसत नाही. स्लॅबची जाळी बांधून झाली की आम्ही कंड्युट आणि फॅन बॉक्स टाकतो, तोंडे बंद करतो. मग त्याच पाइपांवरून काँक्रीट वाहणारी माणसे धावतात, व्हायब्रेटरची निडल जाळीत खुपसली जाते, एखादा जॉइंट निसटतो आणि आत स्लरी शिरते. पुढे वायर ओढायच्या वेळी स्प्रिंग घातली की ती मध्येच अडते. भिंतीतून नवी वाट काढून झिरी मारावी लागते आणि त्या झिरीच्या प्लास्टरची रक्कम ‘इलेक्ट्रिकची चूक’ म्हणून माझ्या नावे डेबिट पडते. स्लॅब ओतताना ठेकेदाराचा सुपरवायझर तेथेच उभा असतो. पाइपावर पाय देऊ नका, असे तो कोणाला सांगताना मी अद्याप ऐकलेले नाही.

‘मालकाने दिले की देतो’ ही अट वर्क ऑर्डरमध्ये लिहा, मी दर तसा लावतो. बहुतेक ठिकाणी तर वर्क ऑर्डरच नसते.

कॉलम-बीम, ताराबाई पार्क

ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेत नाही. पॉइंटवाले साहेब, तुम्ही एका दुकानदाराची उधारी सांगितलीत. माझ्याकडे सिमेंट, स्टील, सेंट्रिंग, प्लंबर, रंगारी आणि तुम्ही, असे सगळे एकाच दिवशी दारात असता. मालक माझ्या प्रत्येक आरए (चालू कामाच्या) बिलातून रिटेन्शन, म्हणजे हमीची रक्कम, कापतो आणि कामातील दोष दुरुस्त करून देण्याचा कालावधी संपेपर्यंत ती सोडत नाही. सरकारी कामाची गोष्ट तर बोलायलाच नको. जलजीवन या पाणीयोजनेची बिले थकली म्हणून राज्यभर ठेकेदार रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्या सब-ठेकेदारांना स्वतःचे घर विकून पैसे द्यायचे होते काय?

आता तुमच्या बाजूचे थोडे. नागाळा पार्कातील एका कामात शेवटचे बिल तपासायला बसलो, तर जिन्यातील एकाच दिव्याचे टू-वे स्विच दोन स्वतंत्र पॉइंट म्हणून लावले होते. पुढे पाहतो तर फ्लॅटधारकांनी आपल्या हौसेसाठी टीव्हीमागे आणि गॅलरीत जे जादा पॉइंट घेतले, त्यांचे पैसे तेथल्या इलेक्ट्रिकच्या गृहस्थांनी फ्लॅटधारकांकडून परस्पर रोख घेतलेले आणि तेच पॉइंट माझ्या बिलात एक्स्ट्रा आयटम म्हणून आलेले. प्लास्टर झाल्यावर कोणते पॉइंट मूळ नकाशातले आणि कोणते हौसेचे, हे शोधायला माझा इंजिनिअर खोलीखोलीतून फिरत होता. अशा माणसाचे बिल मी लगेच द्यायचे, हा कोणता न्याय?

पॉइंटवाला, शिवाजी उद्यमनगर

फ्लॅटधारकाकडून रोख घेऊन तोच पॉइंट ठेकेदाराला लावणारे आमच्यात आहेत, हे मान्य. त्यांचा सत्कार तुम्ही जरूर करा, हार मी आणतो. परंतु त्या एका गृहस्थाच्या पापापायी तुम्ही बाकीच्या सर्वांची बिले अडवता आणि त्याला तपासणी म्हणता. प्लास्टरच्या आधी दोघांनी मिळून मोजमाप करून वहीवर सह्या केल्या असत्या तर इंजिनिअरला खोल्या धुंडाळाव्या लागल्या नसत्या. ‘आत्ता नको, शेवटी एकदम बघू’ असे सांगून ती सही टाळतो कोण?

खतावणी, राजारामपुरी

दोघेही भावनेच्या भरात आहेत, म्हणून थोडा कायदा. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून १५ दिवस आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, ही पैसे देण्याची मुदत आहे. १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारले असे धरले जाते. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने, व्याज लागते. अशा तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेचा निवाडा विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचे असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) हे कलम आणले. मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरता येते. ते लागू झाल्यापासून मार्चअखेरीस माझ्याकडे येणाऱ्या ठेकेदारांच्या बोलण्यात सब-ठेकेदारांविषयी एकाएकी माया दाटून येते, हे मी पाहतो.

मात्र पॉइंटवाल्यांनी लगेच पेढे वाटू नयेत. माल आणि मजुरी एकत्र असलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. तसेच काम घेतल्यानंतर लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करून मागच्या बिलांवर हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

कॉलम-बीम, ताराबाई पार्क

म्हणजे इतका वेळ जो कायदा माझ्या डोक्यावर टांगला तो मुळात इलेक्ट्रिकच्या कामाला लागू होईल की नाही याचीच खात्री नाही. आभारी आहे.

मेगर, कसबा बावडा

परिषद, व्याज, निवाडे हे सगळे ज्याला वकील परवडतो त्याच्यासाठी आहे. इलेक्ट्रिकवाल्याच्या हातात खरे शस्त्र एकच: टेस्ट रिपोर्ट. परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सहीचा रिपोर्ट जोडल्याशिवाय महावितरणकडून कायमचे मीटर मिळत नाही आणि मीटरशिवाय दसऱ्याला ताबा देता येत नाही. शेवटचे बिल हातात पडेपर्यंत मी सही करत नाही आणि माझे बिल कोणी बुडवलेले नाही.

कॉलम-बीम, ताराबाई पार्क

याला आमच्या भाषेत अडवणूक म्हणतात. तुमचे माझ्याशी भांडण आहे, त्यात ज्याने गृहकर्ज काढून फ्लॅट घेतला त्याला अंधारात बसवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

ताबा कधी, पाचगाव

अंधारात बसलेली ती फ्लॅटधारक मीच, त्यामुळे बोलण्याचा थोडा अधिकार मला असावा. पाडव्याला ताबा मिळाला, कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि सबंध इमारत बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर चालत राहिली. लिफ्ट बंद, कारण इतका लोड त्या मीटरला झेपत नव्हता. सासूबाईंना गुडघेदुखी असताना जिना चढावा लागे. ठेकेदार म्हणे इलेक्ट्रिकवाला सही करत नाही, इलेक्ट्रिकवाला म्हणे ठेकेदार पैसे देत नाही आणि बिल्डर म्हणे हा त्या दोघांचा अंतर्गत प्रश्न आहे. आम्ही मात्र वायरिंगसह सगळ्याचे पैसे बिल्डरला केव्हाच भरले होते. ते मध्ये कोणाच्या खिशात थांबले, हे आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

मेगर, कसबा बावडा

ताई, तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटते, परंतु तुमचे पैसे माझ्यापर्यंत पोहोचले असते तर मी सही त्याच दिवशी केली असती.

निवृत्त, फुलेवाडी

मी नोकरीत असे रिपोर्ट ढिगाने पाहिले आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. टेस्ट रिपोर्ट ही पैसे मिळाल्याची पावती नाही. ५०० व्होल्टच्या मेगर या यंत्राने इन्सुलेशन तपासले, अर्थिंगचा रोध मोजला, न्यूट्रल आणि फेज उलटे नाहीत, याची ती हमी आहे. ज्या वायरिंगमध्ये कोणी शॉक लागून मरू शकतो, तिच्या हमीचा उपयोग वसुलीसाठी करणे मला पटत नाही. आणि मेगर नाव घेतलेल्या महोदयांना विचारतो: सही अडवायची तर सही स्वतःची लागते. या शहरात किती वायरमन स्वतःच्या परवान्यावर काम करतात? एकाचा परवाना, दुसऱ्याचे काम, आणि सही करणाऱ्याने इमारत पाहिलेलीही नसते.

मेगर, कसबा बावडा

माझा परवाना माझ्या नावावर आहे आणि तो दुकानात भिंतीवर लावलेला आहे. नोकरीत असताना ढिगाने रिपोर्ट पाहिलेत, तेव्हा त्यातल्या किती इमारतींत स्वतः जाऊन अर्थिंगचा खड्डा पाहिलात तेही लिहा. खुर्चीत बसून पगार घेणाऱ्यांनी वसुली कशी करावी हे शिकवू नये.

निवृत्त, फुलेवाडी

खड्डे पाहिले, म्हणूनच बोलतो. मीठ-कोळसा न घालता नुसता पाइप ठोकून ठेवलेले खड्डेही पाहिले. आणि पगाराविषयी बोलायचे तर तो मी कोणाची लिफ्ट बंद पाडून घेतला नाही.

वायरमन, कळंबा

परवान्याचा विषय निघालाच आहे तर ज्याचा त्यात बळी गेला त्याचेही ऐका. माझा परवाना नाही. वायरमनचे प्रमाणपत्र आहे. गोकुळ शिरगावजवळच्या एका इमारतीचे सगळे वायरिंग माझ्या हाताने झाले, पहिल्या स्लॅबपासून गच्चीवरच्या लिफ्टरूमपर्यंत. शेवटच्या बिलाचा तगादा लावला, तेव्हा ठेकेदाराने गावातल्या एका परवानाधारकाला थोडे पैसे देऊन रिपोर्टवर सही घेतली आणि मीटर बसवून घेतले. नंतर माझे बिल मागायला गेलो तर म्हणाले, ‘कागदावर काम त्यांचे आहे, तुम्ही कोण?’ मेगर साहेब, तुमचे शस्त्र तुमच्यासाठी चालत असेल, पण तेच दुसऱ्या कोणी स्वस्तात विकले की आमच्यासारख्याचे बिल बुडते. ती सही करणारा ठेकेदार नव्हता, आपल्यातलाच होता.

मेगर, कसबा बावडा

दुसऱ्याच्या वायरिंगवर न पाहता सही करणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा, या एका मुद्द्यावर निवृत्त साहेबांशी नाइलाजाने सहमत आहे.

पंचगंगाकाठ, शाहूपुरी

मूळ विषय बाजूला पडला म्हणून लिहितो. २०१९ च्या महापुरात आमच्या एका साइटच्या तळमजल्यावर ठेवलेली वायरची बंडले आणि डीबी (वीजवितरणाच्या पेट्या) पाण्याखाली गेले. माल पोहोचल्याच्या चलनावर ठेकेदाराच्या माणसाची सही होती. पाणी ओसरल्यावर उत्तर मिळाले की, ‘माल साइटवर आला, पण भिंतीत बसला नव्हता, म्हणून तो तुमचाच.’ आणि पुराच्या सहाच महिने आधी त्याच ठेकेदाराने त्याच साइटवर आलेल्या स्टीलचे ७५ टक्के पैसे ‘माल साइटवर पोहोचला’ म्हणून मालकाकडून घेतले होते. न्यायालयात जा, असे सगळे म्हणाले. काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, ती समजुतीच्या बैठकांत निघून गेली.

कॉलम-बीम, ताराबाई पार्क

आता तर भाऊसिंगजी रोडवर उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आले आहे. मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. जा की मग.

खतावणी, राजारामपुरी

बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले हे खरे, परंतु वसुलीचा दावा थेट तेथे दाखल होत नाही. तीन लाख रुपयांपासून पुढचा बांधकाम कराराचा दावा व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत जातो आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थीसाठी जाणे सक्तीचे आहे. लेखी करार नसला तरी केलेल्या कामाचा मोबदला १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७० खाली मागता येतो. मात्र काम किती केले हे सिद्ध करायला पुन्हा ती सहीची मोजमाप वही लागतेच.

कॉलम-बीम, ताराबाई पार्क

ठीक आहे. एवढ्या विद्वानांनी घेरल्यावर काही तरी मान्य केले पाहिजे. पुढच्या कामापासून प्लास्टरच्या आधी संयुक्त मोजमाप करीन आणि वर्क ऑर्डरवर ३० दिवसांची मुदत लिहीन, मालकाने दिले असो वा नसो. मात्र दोन अटी आहेत. फ्लॅटधारकाचा एकही जादा पॉइंट माझ्या लेखी परवानगीशिवाय टाकायचा नाही. आणि मालकाचा धोका मी अंगावर घेणार असेन तर पॉइंटचा दर तुम्ही कमी करायचा.

पॉइंटवाला, शिवाजी उद्यमनगर

पहिली अट मान्य आहे. दुसरी नाही, कारण आजवर तो धोका मी अंगावर घेत होतो तेव्हा तुम्ही मला दर वाढवून दिला नव्हता. आणि पाइप चोक झाल्याच्या डेबिटविषयी तुम्ही अजून एक शब्दही लिहिलेला नाही.

कॉलम-बीम, ताराबाई पार्क

स्लॅबच्या दिवशी तुमचा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत हजर राहील असे लिहून द्या, डेबिट टाकत नाही.

पॉइंटवाला, शिवाजी उद्यमनगर

देतो. त्याची हजेरी तुमच्या बिलात लागेल.