मदत हवी आहे: नाशिकहून कोलकात्याला १४ पॅनल बॉक्स, पार्ट लोड की अख्खी गाडी?

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत आमचा शीट मेटलचा छोटा कारखाना आहे. दीर आणि दोन मुलं मशीनवर, पावडर कोटिंग बाहेरून, आणि बिलं, डिस्पॅच, वसुली, फोनवरची भांडणं माझ्याकडे. आजवर आमचा माल पुणे, संभाजीनगर, फार तर इंदूर. संध्याकाळी आयशर भरली की दुसऱ्या दिवशी पार्टीचा 'मिळाला' म्हणून मेसेज. त्यामुळे ट्रान्सपोर्टमधलं आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायचं.

१२ जूनला कोलकात्याच्या नव्या पार्टीला सॅम्पल म्हणून ३ बॉक्स पार्ट लोडने (म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत) पाठवले. (ट्रान्सपोर्टचं नाव लिहीत नाही.) आठ दिवसांचा वायदा होता, माल पोचला सतराव्या दिवशी. वाटेत नागपूरला उतरवला, रायपूरला पुन्हा उतरवला. अंतर साधारण १८०० किमी, २०० किमीला एक दिवस धरून ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) नऊ दिवसांचं निघालं होतं. नवव्या रात्री माल अजून नागपूरच्या गोडाऊनमध्येच. मुदत मध्यरात्री संपणार, आणि वाढवता येते ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच. माल ट्रान्सपोर्टच्या ताब्यात, म्हणजे वाढवायचीही त्यांनीच. त्यांच्या क्लार्कला फोन करकरून सकाळी सातला काम झालं. पकडलं असतं तर कराच्या दुप्पट दंड.

एवढं करून माल पोचला तर दोन दारं चेपलेली. आमचा रंग आरएएल ७०३५, म्हणजे फिकट राखाडी. फोटोत एका दाराच्या हँडलखाली वीतभर चंद्रकोर आणि तिच्यात कुणाच्या तरी मालाचा हिरवा रंग भरलेला! पार्टीच्या वॉचमनने पोचपावतीवर मुकाट सही करून दिली. आता ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, "मॅडम, बिल्टीवर (माल बुक केल्याच्या पावतीवर) ओनर्स रिस्क, म्हणजे जोखीम मालकाची, असं छापलंय, आणि तुमच्याच पार्टीने क्लीन सही दिलीय." दारं नवीन करून पाठवायला १९ हजार गेले.

तरी पार्टी चांगली निघाली, १४ बॉक्सची ऑर्डर आली. दुर्गापूजेच्या आधी पोचायला हवेत. एक बॉक्स पॅकिंग धरून ७ × २.५ × २ फूट, वजन ११० किलो, किंमत ४२ हजार. आलेले भाव असे:

पार्ट लोड ९ रुपये किलो. पण एका घनफुटाला १० किलो धरतात, म्हणजे ३५ घनफुटांचा आमचा ११० किलोचा डबा त्यांच्या काट्यावर ३५० किलो! चौदांचे ४९०० किलो, भाडं ४४,१००. हवेचंही भाडं भरायचं तर.
आडगाव नाक्याच्या दलालाकडून रिटर्नची, म्हणजे परतीच्या वाटेवरची, १७ फुटी गाडी, ५२ हजार.
ओळखीच्या ट्रान्सपोर्टची स्वतःची गाडी, ७८ हजार.

रिटर्न गाडीचा कुणाला अनुभव आहे का? १४ फुटी मागितली तर स्वस्त पडेल का? आणि त्या १९ हजारांवर पाणी सोडायचं का?

प्रतिसाद १

ताई, तीस वर्षं याच धंद्यात गेली, आता मुलगा बघतो. पार्ट लोड विसरा. तुमचा माल हलका, मोठा आणि नाजूक. पार्ट लोडवाला त्याच्यावर दुसऱ्याचा माल रचणारच, त्याशिवाय त्याला परवडत नाही. दोनदा चढ-उतार म्हणजे चारदा हमालाचे हात लागले.

१४ फुटीचा हट्ट नको. कागदावर बसतो माल: रुंदीत दोन डबे म्हणजे ५ फूट, सात रांगा म्हणजे बरोबर १४ फूट. पण मध्ये फोम कुठे घालणार? १७ फुटीच घ्या.

रिटर्न गाडी वाईट नसते. पूर्वेकडून माल घेऊन आलेला ड्रायव्हर घरच्या वाटेला असतो, उगाच थांबत नाही. सिंगल ड्रायव्हर असेल तर पाच-सहा दिवस धरा. मात्र दलाल म्हणजे ट्रान्सपोर्ट नव्हे. तो कमिशन घेऊन मोकळा होतो. बिल्टी कोणाच्या नावाची ते आधी विचारा, नोंदणी असलेल्या कॅरियरचीच घ्या. गाडी दारात आली की नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाका: फिटनेस, इन्शुरन्स, परमिट सगळं दिसतं. लायसन्सचा फोटो काढा आणि ते घेऊन आलेला माणूसच गाडी चालवतोय ना, हेही बघा. अ‍ॅडव्हान्स ८० टक्क्यांच्या वर नको. बाकीचे पोचपावती हातात आल्यावर.

आणि वाराई (हमाली) कोण देणार, हॉल्टिंग (गाडी थांबवल्याचा आकार) किती तासांनी सुरू होणार, हे आजच लिहून घ्या. भांडणं भाड्यावरून होत नाहीत, यावरून होतात.

प्रतिसाद २

मी विम्याचा सर्व्हेयर आहे, ट्रान्झिट क्लेमचीच (वाटेत झालेल्या नुकसानीची) कामं करतो. १९ हजार सोडू नका.

'ओनर्स रिस्क' छापलं म्हणून कॅरियर सुटत नाही. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट २००७ प्रमाणे निष्काळजीपणा आपण सिद्ध करायची गरज नसते. जबाबदारीला मर्यादा आहे ती भाड्याच्या दहापट, तीसुद्धा जास्त किंमत लिहून दिली नसेल तर. तुमचे तीन डबे त्यांच्या हिशोबाने १०५० किलो, भाडं ९,४५०, दहापट ९४,५००. तुमचा क्लेम त्याच्या खूप आत आहे. पण लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत गेली पाहिजे. १२ जूनपासून मोजलं तर ९ डिसेंबर. आजच स्पीड पोस्टाने पाठवा, फोटो आणि दुरुस्तीचं बिल जोडून. व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. क्लीन सहीमुळे केस कमजोर होते हे मात्र खरं.

नव्या मालाची किंमत ५,८८,००० आणि भाडं ५२ हजार. दहापट म्हणजे ५,२०,०००, किमतीपेक्षा कमीच. तेव्हा फॉरवर्डिंग नोटवर (माल देताना आपण भरून देतो त्या फॉर्मवर) पूर्ण किंमत लिहा. त्यावर कॅरियर जादा आकार मागेल, तो मान्य करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. शिवाय विमा घ्या. इनलँड ट्रान्झिट 'ए' क्लॉज मागा, त्यात जवळजवळ सगळी कारणं येतात. 'बी'मध्ये आग, अपघात, उलटणं वगैरे ठरावीक कारणंच येतात, 'सी'मध्ये जवळजवळ फक्त आग. एजंट स्वस्तात 'बी' गळ्यात मारतो. ओरखडे आणि पोचे कव्हर आहेत का, तेही लेखी विचारा. आणि पॅकिंग अपुरं असेल तर 'ए'सुद्धा कामाला येत नाही, म्हणून भरतानाचे फोटो काढून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. नोटीस काल गेली. एजंटने खरोखरच 'बी'चा कोट पाठवला होता! (रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या पॉलिसीला ऑफिसात सगळे 'मरीन' का म्हणतात, कोण जाणे. आमच्या वाटेत धुळे, जळगाव, अकोला लागतं, समुद्र कुठे आहे?)

कॅरियरने किंमत लिहून घेतली, पण बिल्टीवर दीड हजार वाढवले. दिले. भाडं आम्हीच भरतोय, तेव्हा ५ टक्के आरसीएमही (ट्रान्सपोर्टऐवजी आपण भरायचा जीएसटी) आमच्याकडेच, हे सीएंनी आठवण करून दिली म्हणून कळलं.

प्रतिसाद ३

मी नाशिकरोडचा, सध्या हावड्याला नोकरी. दोन गोष्टी. मोठ्या गाड्यांना शहरात दिवसा नो एन्ट्री असते आणि पूजेच्या दिवसांत पोलीस आणखी कडक होतात. पार्टीला विचारा, माल शहराबाहेर डानकुनीच्या बाजूला उतरवता येईल का. तिथून ते छोट्या गाड्यांनी रात्री आत नेतील. हे आधी ठरलं नाही तर गाडी दोन दिवस उभी आणि हॉल्टिंग तुमच्या डोक्यावर.

दुसरं, पूजेच्या आठवड्यात गोडाऊनला माणूस मिळत नाही. चार दिवस आधी पोचेल असाच हिशोब धरा. आणि पार्टीच्या ऑफिसातल्या माणसाला बजावा: दार उघडून बघितल्याशिवाय सही नाही, पोचा दिसला तर पोचपावतीवरच शेरा मारायचा. वॉचमनला यातलं काय कळणार?

धागाकर्ती

पार्टीशी बोलले, डानकुनीला उतरवायचं ठरलं. डिलिव्हरीचा पत्ता बदलला म्हणून बिल आणि ई-वे बिल त्या पत्त्यावर नव्याने करतेय, गाडी निघायच्या आधीच. १७ फुटी गुरुवारी संध्याकाळी लागतेय. डबे उभे ठेवणार, दाराला दार लावून, मध्ये फोमची शीट. रस्सा नको, बेल्ट. कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे अँगल.

एकच शंका राहिली. डबे ७ फूट उंच, वरून सगळे सपाट. परतीचा पाऊस अजून आहे. ताडपत्री दोन पदरी टाकली तरी मधोमध पाणी साचणार, त्या वजनाने ती खाली बसणार. काय करायचं?

प्रतिसाद १ वाले

ताई, मधोमध गाडीच्या लांबीने एक बांबू टाका, डब्यांपेक्षा वीतभर उंच राहील असा, म्हणजे ताडपत्रीला दोन्हीकडे उतार मिळतो. बांबूला पोतं गुंडाळायला विसरू नका, नाहीतर तुमचा राखाडी रंग तोच खरवडून ठेवेल.