छाती ४८, खांदा मात्र लहान: थंडीचा कोट घरी शिवायचा म्हणतेय, कुणी शिवलाय का?

फोंडेकरीण:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

लेक इंग्लंडात लीड्सला एमएस्सी करतेय, डिसेंबरात तिचं कॉन्व्होकेशन, आणि आम्ही दोघं जाणार आहोत. तिकडे त्या दिवसांत दोन ते सात डिग्री आणि वर पाऊस. इथे फोंड्यात जानेवारीच्या पहाटे वीसवर आलं की मी शाल शोधते, त्यामुळे माझी काय हालत होणार आहे ते कळलंच असेल. ह्यांचं काम सोपं. दुकानात गेले, दोन कोट घालून बघितले, तिसरा घेतला, पंधरा मिनिटांत बाहेर. माझ्या मापाचं जे मिळतं ते एक तर छातीवर लागत नाही आणि लागलं तर खांदे दंडावर उतरतात, बाह्या बोटांच्या खाली. राखाडी तंबू घालून लेकीच्या फोटोत उभं राहायचं नाहीये मला.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला इथल्याच एका लेडीज टेलरकडे ब्लेझर शिवायला टाकला होता. त्याने छातीचं एक माप घेतलं आणि त्यावरूनच सगळं कापलं. गळा मागे पडला, खांदा ओघळला, आणि एवढं सैल असूनसुद्धा छातीवरचं बटण लागेना! वर मला म्हणतो, बाय, तुमच्या अंगालाच तसं आहे. तेव्हापासून ठरवलंय की स्वतःच शिवायचं.

शिवणक्लास झालाय (फार वर्षांपूर्वी), पंजाबी ड्रेस, ब्लाउज, परकर सगळं घरचंच. कोट कधी नाही. मशीन उषाचं पायाचं. मापं लिहिते, लाज कसली: छाती ४८, काखेतून टेप नेला तर ४३, कंबर ४४, सीट ५२, दंड १७, उंची पाच फूट दोन. बाटलीहिरवा रंग हवाय. डबल ब्रेस्टेड (पुढे एक बाजू दुसरीवर येते, बटणांच्या दोन ओळी) आवडतो पण सगळे म्हणतात जाड बाईने घालू नये. कापड कुठलं घेऊ, कटिंग कसं करू? चवथ (गणपती) झाली की बसायचा विचार आहे.

मिरचीभजी:

कशाला एवढा खटाटोप, तिकडेच जाऊन घ्या की. हजार दुकानं असतात.

फोंडेकरीण:

विमानतळावरून बाहेर काय शालीत येऊ? आणि तिकडच्या मोठ्या मापाच्या कोटाच्या बाह्या पाच फूट आठच्या बाईच्या असतात, लेकीने फोटो पाठवलेत.

शिवणवेडी_मडगाव:

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, ४८ आणि ४३. त्या टेलरने ४८ धरलं म्हणून सगळं बिघडलं. क्लासमध्ये आपल्याला काय शिकवलं, गळा म्हणजे छातीचा बारावा भाग, मुंढा छातीवरून, खांदाही जवळपास त्यावरूनच. आता छातीत पाच इंच जास्त आहेत ते पुढे आहेत, हाडात नाहीत ना! खांदा आणि पाठ तुमची ४३ वालीच आहे. ४८ फॉर्म्युल्यात घातलं की गळा, पाठ, खांदा सगळंच फुगतं, आणि जिथे खरं लागतं तिथे कमी पडतं. अंगाला काही झालेलं नाहीये, गणित चुकलंय.

मी काय करते ते सांगते. परदेशी पॅटर्न बहुतेक वरची छाती आणि भरलेली छाती यांत दोन इंच फरक धरून काढलेले असतात. म्हणजे तुम्ही ४३ + २ = ४५ छातीचा पॅटर्न घ्यायचा, किंवा घरी काढणार असाल तर फॉर्म्युल्यात सगळीकडे ४५ घाला. गळा, खांदा, मुंढा, पाठ हे सगळं ४५ चं. उरले ३ इंच, ते फक्त पुढच्या भागात द्यायचे, प्रत्येक बाजूला दीड. ह्याला फुल बस्ट अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. कोटाला मात्र टक्स घेऊ नका, जाड कापडात टक्सचं टोक शिंगासारखं उभं राहतं, प्रिन्सेस कट घ्या. मुंढ्यातून निघून छातीच्या टोकावरून खाली सीटपर्यंत जाणारी शिवण. ते दीड इंच त्या शिवणीत अलगद मावतात आणि कंबरेला आत घेऊन सीटला परत सोडताही येतं.

अजून एक गोष्ट जी लोक विसरतात. छाती भरलेली असली की कापड नुसतं रुंद लागत नाही, लांबही लागतं. पुढची उंची वाढवली नाही तर कोटाचा पुढचा काठ वर उचलला जातो आणि बाजूच्या शिवणी पुढे तिरप्या पळतात. तुमच्या जुन्या ब्लेझरला बघा, नक्की तसं झालं असणार.

आणि हे सगळं आधी मांजरपाटावर. मधली पायरी गाळलीत तर मी ओळख दाखवणार नाही.

फोंडेकरीण:

आत्ता कपाटातून काढून बघितला. पुढे दीड इंच वर आहे!!! मी समजत होते की धुतल्यावर आटला.

कातरवाला_पेडणे:

आमचं घर तीन पिढ्या जेंट्स टेलरिंगचं, मी स्वतः आता बँकेत आहे पण काजं करत मोठा झालो. दोन गोष्टी सांगतो.

कापड. मेल्टन नावाचं लोकरीचं कापड मिळालं तर उत्तम, दाट असतं, वारा अडवतं, कडा उसवत नाहीत म्हणजे पहिल्यांदा शिवणाऱ्याला माफ करतं. ट्वीड दिसायला छान पण सुटतं भराभर. ५८-६० इंच पन्ह्याचं गुडघ्यापर्यंतच्या कोटाला तुमच्या मापात साडेतीन मीटर धरा, कारण मेल्टनला लव असते, सगळे तुकडे एकाच दिशेला ठेवून कापावे लागतात, उलटसुलट लावून कापड वाचवता येत नाही. उलट लागला तर त्या तुकड्याचा रंगच वेगळा दिसतो, उन्हात गेल्यावर कळतं. गोव्यात हे फारसं ठेवत नाहीत, कोण घेणार? सूटिंगच्या मोठ्या दुकानात सांगितलं तर मागवून देतात, अमृतसर लुधियानाकडचा माल असतो. कापड आणल्या आणल्या कातर लावू नका. जुनी चादर ओली करून पिळायची, त्यात लोकरीचं कापड गुंडाळून रात्रभर ठेवायचं, सकाळी सावलीत पसरून वाळवायचं. आजोबा ह्याला ‘लंडन’ करणं म्हणायचे, मला लहानपणी वाटायचं कापड खरंच लंडनला जाऊन येतं.

दुसरं, लेडीज टेलरचा दोष नाही हो तसा, त्याच्या हाताला ब्लाउजची सवय. कोट ही निराळी विद्या. आपल्याकडे क्रिस्तांवांच्या लग्नांमुळे सूट शिवणारे चांगले कारागीर म्हापशाला मडगावला अजून आहेत, अडलात तर त्यांच्याकडे जा, कॉलर आणि बाही बसवून घ्या, बाकी घरी. त्यांच्याकडे छातीत घालायचा कॅनव्हासही मिळेल. फ्युजिंग इस्त्रीने चिकटवलेलं स्वस्त पडतं पण पातळ घ्या, जाड घेतलं तर कोट पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. आणि खांद्याला पातळ पॅड घालाच. खांदा लहान, छाती मोठी असेल तर अर्ध्या इंचाच्या पॅडने जो फरक पडतो तो काळ्या रंगाने पडत नाही.

प्रत्येक शिवण घातल्यावर इस्त्री. ओलं फडकं ठेवून वाफ द्यायची, इस्त्री उचलायची आणि लगेच वर लाकूड दाबून धरायचं, थंड होईपर्यंत. आमच्याकडे खास ठोकळा होता, तुम्ही देवापुढचा सोडून घरातला दुसरा पाट घ्या. लाकूड वाफ शोषून घेतं आणि शिवण पापडासारखी सपाट बसते. छातीवरच्या गोल शिवणीला टॉवेलची घट्ट गुंडाळी खाली. दुकानातला कोट आणि घरचा कोट ह्यात जो फरक दिसतो ना तो नव्वद टक्के इथेच असतो.

उषाचं पायाचं मशीन आहे ही लॉटरी समजा, जाड कापड त्याच्याइतकं कोणी ओढत नाही. सुई सोळा नंबर, टाका थोडा मोठा.

शिवणवेडी_मडगाव:

पाट! मी इतकी वर्षं बायबल साइजची डिक्शनरी ठेवतेय.

स्विंडनची_बाय:

मूळची डिचोलीची, आता इथे इंग्लंडात स्विंडनला, आणि साइजने फोंडेकरीण ताईंच्या शेजारी उभी राहीन अशी. घालणाऱ्याच्या बाजूने सांगते.

माप घेताना आत जे घालणार तेच घालून माप घ्या. थर्मल, वर स्वेटर. मी पहिला कोट ऑक्टोबरात ब्लाउजवर माप घेऊन शिवला, डिसेंबरात स्वेटर घातल्यावर हात पुढे करता येईनात, बसमध्ये दांडा धरायला गेले तर काख फाटली. छातीला पाचएक इंच सैल ठेवा, दंड १७ तर बाही तिथे निदान २० हवी. बाही दोन तुकड्यांची. काखेत ओढत असेल तर मुंढा खोल करायचा नाही हं, सगळ्यांना तेच सुचतं, पण खोल केला की हात वर करताना अख्खा कोट वर येतो. मुंढा वरच ठेवायचा आणि काखेत चौबगला घालायचा, आज्या चोळी-बंडीला घालायच्या ती चौकोनी कळी. तीच.

मांजरपाटाचा घालून उभं राहून बघू नका नुसतं, खुर्चीवर बसा. बसल्यावर सीट दोन-तीन इंच सहज पसरते. मागे कट द्या नाहीतर बसल्यावर पुढची खालची बटणं ताणतात. उंची गुडघ्याच्या जरा खाली. मांडीवर संपणारा कोट आपल्या लोकांनी विसरावा, जिथे सगळ्यात रुंद तिथेच आडवी रेघ मारून ठेवल्यासारखं होतं.

डबल ब्रेस्टेडबद्दल: घाला!! माझा आहे. फक्त बटणांच्या दोन ओळी जवळ ठेवा, लांब ठेवल्या की सोफ्याची पाठ दिसते, आणि कॉलर रुंद नको.

शिवणवेडी_मडगाव:

मी ह्याला विरोध करते. छातीवर लोकरीचे दोन थर, त्यात फ्युजिंग, त्यात अस्तर, ४८ चं ५२ दिसतं. सिंगल ब्रेस्टेड, लांब व्ही, शाल कॉलर. उभी रेघ मिळते.

स्विंडनची_बाय:

आणि इथे तो लांब व्ही वाऱ्याने भरतो, मग त्यात मफलर कोंबायचा, मग कुठली उभी रेघ. बारीक दिसायलाच सगळं शिवायचं का? त्यांना आवडतोय डबल ब्रेस्टेड.

कातरवाला_पेडणे:

भांडू नका, मधला मार्ग आहे. आच्छाद, म्हणजे एकावर एक येणारा भाग, अडीच-तीन इंचच ठेवा, आतल्या बाजूच्या पट्टीला लोकरीऐवजी अस्तराचंच कापड. जाडी निम्मी होते. एक बटण मात्र बरोबर छातीच्या सगळ्यात भरलेल्या रेषेवर यायला हवं, ते आधी ठरवा, बाकीची त्याच्यावरून वरखाली मोजा. वरून समान अंतराने मोजत आलं की नेमकी तिथेच फट पडते.

फोंडेकरीण:

चवथ झाली, पाहुणे गेले, बसले एकदाची. अहवाल देते.

मांजरपाट चार मीटर आणला. ४५ चं ड्राफ्टिंग, पुढे दीड दीड इंच, प्रिन्सेस कट. काल रात्री थर्मल, स्वेटर आणि वरून हा पांढरा कोट घालून आरशासमोर उभी राहिले, फोंड्यात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखा पाचवर. घामाच्या धारा. ह्यांनी दारातून बघितलं आणि म्हणाले दशावतारात कुठलं सोंग आहे हे. पण खांदा! माझ्या खांद्यावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा शिवण हाडावर आहे, दंडावर नाही. मी पाच मिनिटं नुसती खांद्यावर बोट फिरवत होते.

खुर्चीवर बसून बघितलं, सीटला एक इंच कमी पडलं, प्रिन्सेसच्या शिवणीतूनच सोडलं. काखेत थोडं ओढतंय, चौबगला घालणार. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी उभ्या उभ्या रुमाल दुमडून कापून दाखवला.

डबल ब्रेस्टेडच करतेय, मडगावच्या ताईंची माफी मागून. कापड म्हापशाला सांगितलंय, हिरवं मेल्टन, पंधरा दिवस म्हणालेत. अस्तर कुठलं? इथे सॅटिन आणि क्रेप दोनच दाखवतात.

स्विंडनची_बाय:

सॅटिन पॉलिस्टरचं असेल तर अंगाला चिकटतं, चटचट करंट मारतं, आत घाम येतो. व्हिस्कोसचं मिळालं तर बघा. पाठीला मधोमध अस्तरात एक इंचाची चुणी ठेवा, नाहीतर वाकलात की अस्तर फाटणार, लोकर ताणते, अस्तर ताणत नाही. आणि तुम्हाला उबेची फार काळजी असेल तर लोकर आणि अस्तराच्या मधे फ्लॅनेल, पण फक्त धडाला, बाहीत नको.

शिवणवेडी_मडगाव:

माफ केलं. कोट परत आणल्यावर पावसाळ्यात कपाटात टांगून ठेवू नका, गोव्यात जूनमध्ये ठेवलेल्या लोकरीवर ऑगस्टात बुरशीची नक्षी असते, कसर लागते ती वेगळी. ऊन दाखवून, सुती चादरीत कडुनिंबाचा पाला घालून बांधून ठेवा.

फोंडेकरीण:

बरं. आता शेवटचं, बटणं. ४० नंबरची, म्हणजे इंचभराची घेऊ का त्याहून मोठी? आणि काजं मशीनवर होणार नाहीत ना एवढ्या जाडीत?

कातरवाला_पेडणे:

इंचभराची पुरे, मोठी घेतली की डोळा तिथेच जातो. प्रत्येक बटणाच्या मागे आतून एक छोटं सपाट बटण लावून एकत्र शिवा, मग कापड फाटत नाही. काजं हाताने. दोन ओळींत बटणं सहा दिसली तरी त्यातली तीन नुसती शोभेची, म्हणजे काजं तीनच. आधी चिंधीवर पाच करून बघा, सहावं कोटावर. नाही जमलं तर पुढच्या रविवारी मी म्हापशाला आहे, कोट घेऊन या, बाबा करून देतील, त्यांना तेवढंच बरं वाटेल.